दिनूभाऊ आणि अडकणारे बूट

आमचे शेजारी दिनूभाऊ सोनटक्के कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की लगेच बसत नाहीत. दारात उभे राहून विचारतात, "मागचं दार कोणीकडे आहे?" नवीन माणसाचा गैरसमज होतो. तो बिचारा घाईघाईने संडासाकडे बोट दाखवतो. मग दिनूभाऊ समजावून सांगतात, की तसं काही नाही, पण समजा समोरच्या दाराला आग लागली, तर निघायचं कसं? मागचं दार बघून, त्याची कडी एकदा काढून-लावून झाली की मग ते खुर्चीवर टेकतात आणि म्हणतात, "हं, चलो, आता द्या चहा."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या दारापुढे गव्हाची कोठी होती. चहा निवून गेला, पण कोठी हलेपर्यंत हा माणूस उभाच. ती हलवताना आमच्या ह्यांच्या कमरेत उसण भरली. अजून थंडी पडली की हे कमरेवर हात ठेवतात आणि शेजारच्या घराकडे बघतात.

"आधी निघायचं कसं, ते सांगा" हे दिनूभाऊंचं पालुपद. सिनेमाला गेले तरी, लग्नाला गेले तरी, दवाखान्यात लिफ्टपुढे उभे राहिले तरी. एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून भेडाघाटला गेलो होतो. नावेत बसायची वेळ आली तेव्हा दिनूभाऊ नावाड्याला म्हणाले, "भैया, पहले आप तैर के दिखाओ." नावाड्याला वाटलं, साहेब गंमत करताहेत. साहेब गंमत करत नव्हते. शेवटी आम्ही सगळे नावेत बसलो आणि दिनूभाऊ काठावर थांबले. नाव वळणाआड जाईपर्यंत ते बोट दाखवून आमची डोकी मोजत होते, आणि परत आल्यावर पुन्हा मोजली.

घाबरट म्हणून त्यांना हसणं सोपं आहे, आणि मी पुष्कळ हसले आहे. पण दिनूभाऊंनी खमरियाच्या फॅक्टरीत दारूगोळा भरायच्या सेक्शनात चौतीस वर्षं काढली. त्या सेक्शनच्या दारात एक लाल पट्टी असते म्हणे. पट्टीच्या अलीकडे आपले बूट काढायचे आणि पलीकडे सेक्शनचे घालायचे. त्यांना खिळा नाही, नाल नाही, लोखंडाचा कण नाही. "काहून की एक ठिणगी जरी पडली ना, वहिनी, तर..." असं म्हणून दिनूभाऊ वाक्य सोडून देतात आणि मुठीची बोटं हवेत उघडतात. चौतीस वर्षांत त्यांच्या सेक्शनात काही म्हणता काही झालं नाही. "मी घाबरत होतो म्हणून," ते म्हणतात. "घाबरणं माझी ड्यूटी होती."

माणूस रिटायर झाला, ड्यूटी झाली नाही. घरात कुकर लावला की पहिल्या शिटीला ते अंगणात जातात आणि तिसरी झाल्यावर परत येतात. सुमनताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "एक दिवस कुकर खरंच फुटेल न, तेव्हा यांच्या जिवाला शांती लाभेल."

असा हा माणूस ऑक्टोबरातल्या एका सकाळी आमच्या फाटकापुढे सायकल घेऊन उभा. डोक्यावर हेल्मेट, कोपरांना पट्टे, गुडघ्यांना पट्टे आणि पायांत काळे चकचकीत बूट. पाऊल टाकलं की फरशीवर टक् टक् वाजत होतं. तळव्याला लोखंड होतं! ज्या माणसाने चौतीस वर्षं साधा खिळा चालू दिला नाही, तो लोखंड ठोकलेले बूट घालून उभा होता आणि स्वतःच्या पायांकडे दुसऱ्याचे असावेत तसा बघत होता.

"हे पेडलमध्ये अडकतात, वहिनी," ते म्हणाले. "खट् झालं की बसले. मग पाय उचलून येत नाही."

"मग निघायचं कसं?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"तेच शिकून राहिलो," दिनूभाऊ म्हणाले.

यामागे त्यांची मुलगी केतकी होती. केतकी बंगळुरूला नोकरी करते आणि रविवारी ऐंशी-नव्वद किलोमीटर सायकल हाणून येते. डिसेंबरात आठवडाभर ती घरी येणार होती. सायकल खोक्यात घालून आणणार आणि एक दिवस चाळीसपंचेचाळीस किलोमीटरवरच्या कुंडमपर्यंत जाऊन येणार, असा तिचा बेत होता. तिने फोनवर हे आईला सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. दिनूभाऊ मध्येच म्हणाले, "मी पण येतो."

मग केतकीने ठेवणीतलं कारण काढलं. "बाबा, माझ्याबरोबर यायचं तर ते बूट लागतात. पाय बांधलेले असतात. तुम्हाला नाही जमणार."

"अच्छा," दिनूभाऊ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सदर बाजारातल्या सायकलवाल्याकडून बूट घेऊन, पेडल बसवून आले.

सायकल त्यांना नवी नव्हती. नोकरीची निम्मी वर्षं ते सायकलनेच फॅक्टरीत गेले. पण एक पाय कायम जमिनीच्या बेतात. सुमनताईने डोकं लावून पाहिलं. "अहो, कुंडमला जायला पाय काहून बांधायचे? साध्या बुटात नाही का जात लोक?"

"ती जशी चालवते तशीच चालवायची," दिनूभाऊ म्हणाले. हातात दोन महिने होते. डिसेंबरात केतकीबरोबर जाता आलं नाही तर पुढे ती कधीच नेणार नाही, एवढं सगळ्यांना कळत होतं.

मी भूगोलाची रिटायर मास्तरीण. सकाळी कॉलनीच्या मैदानाला चार फेऱ्या मारते, एवढ्या पात्रतेवर माझी निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. मला शिटी मिळाली, लाल झेंडी मिळाली. मैदानाच्या कोपऱ्यात वाळूच्या दोन बादल्या आल्या. सायकल शिकताना वाळू कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या न." आणि हँडलला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद बांधला होता. त्यावर टाइप केलेले नियम. चौथा नियम असा होता: 'पडण्याची वेळ आल्यास चालकाने निरीक्षकास आगाऊ कळवावे.'

हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. सायकलवरून पडणारी माणसं मी पाहिली आहेत, ती धाडकन पडतात. दिनूभाऊ सावकाश पडत. सायकल थांबायची. मग त्यांच्या लक्षात यायचं की पाय अडकलेला आहे. टाच बाहेर मुरडायची, बूट सुटतो, असं सायकलवाल्याने शिकवलं होतं. ते टाच मुरडायचे, गुडघा मुरडायचे, कंबर मुरडायचे. चेहरा पांढरा पडायचा. मग कपाट आडवं करतात तसे ते डावीकडे कलायला लागायचे आणि कलता कलता म्हणायचे, "वहिनी, पडून राहिलो हो."

मी शिटी वाजवायची. तेवढंच माझ्या हातात होतं.

पनागरहून भाजी आणणारा एक भैया त्याच वेळी हातगाडी घेऊन मैदानाच्या कडेला येतो. त्याची करमणूक होत होती. रोज विचारायचा, "अंकल, आज कौन सी करवट?" एक दिवस दिनूभाऊ सायकलसकट त्याच्या गाडीवरच आडवे झाले. तो शांतपणे म्हणाला, "पालक पे ठीक है अंकल, टमाटर पे मत गिरना."

हसू यायचं खरं, पण जवळून बघितल्यावर कमी यायचं. सुरू करायच्या आधी दिनूभाऊंची पोटरी थरथरताना मला दिसायची. बूट पेडलवर टेकवला की ते डोळे मिटून घेत. लोखंडावर लोखंड बसून 'खट्' व्हायचं आणि त्यांच्या सगळ्या अंगातून एक लहर जायची. तो आवाज होऊ नये म्हणूनच तर त्यांनी जन्म काढला होता. तरी साडेसहाला फाटकाशी टक् टक् हजर.

आणि खरं सांगायचं तर मीही घाबरायला लागले. पासष्टीला आलेल्या माणसाचं हाड मोडलं तर ते जुळायला किती दिवस घेतं, हे मला ठाऊक आहे. पहाटे जाग आली की पहिला विचार मनात यायचा, की आज दिनूभाऊंना जरा सर्दी व्हावी. तीन आठवडे झाले, डाव्या कोपराची साल गेली, गुडघा सुजला, आणि बूट एकदाही आपणहून सुटला नाही.

मग तो सोमवार आला. त्या दिवशी दिनूभाऊंनी ठरवलं होतं की पडायचंच नाही. आणि ते पडले नाहीत. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीला मी टाळ्या वाजवल्या. पाचव्या फेरीला माझ्यासमोरून जाताना ते म्हणाले, "वहिनी, पाय निघत नाही."

"मग थांबू नका!" मी ओरडले.

"थांबलो तर पडतो!"

"म्हणूनच म्हणते, थांबू नका!"

सहावी फेरी. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि श्वासाचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. मैदानाचं फाटक सताड उघडं, आणि बाहेरच्या रस्त्यावरून फॅक्टरीच्या बसगाड्या सुटायची वेळ झालेली. दर फेरीला सायकल फाटकाजवळ थोडी बाहेर जायची आणि दिनूभाऊ ती कशीबशी आत वळवायचे. हात थकले होते. आठव्या फेरीला पुढचं चाक फाटकाच्या ओळीबाहेर गेलं आणि बाहेर एका बसने कर्कश्श हॉर्न दिला. दिनूभाऊंनी डोळे मिटले. मला ते दिसलं. चालत्या सायकलवर त्या माणसाने डोळे मिटले!

भाजीवाला गाडी सोडून धावला आणि त्याने फाटक लोटून घेतलं. सुमनताई कणकेचे हात घेऊन धावत आली आणि नुसती "अहो! अहो!" करत राहिली. काय करावं ते कोणालाच सुचेना. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आता कोसळेल आणि डोक्यावर आपटेल. मी झेंडी टाकली, शिटी टाकली, आणि सायकलच्या वाटेत दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"वहिनी, पडून राहिलो हो," दिनूभाऊ म्हणाले आणि माझ्या अंगावर आले.

आम्ही दोघं आणि सायकल मातीत. माझा कोपर सोलला होता. त्यांचा उजवा पाय पेडलला तसाच घट्ट. मी त्यांच्या बुटाचा पट्टा सोडला आणि पाय बुटातून बाहेर ओढला. बूट पेडलवरच राहिला. तेव्हा मला पेडलच्या मागच्या बाजूचा तो बारीक स्क्रू दिसला. बूट किती घट्ट धरायचा, ते त्या स्क्रूवर असतं. तो इतका आवळलेला होता की त्याची खाच झिजत आली होती.

"हा कोणी आवळला?"

"मी," दिनूभाऊ धापा टाकत म्हणाले. "दुकानवाला म्हणत होता, 'अंकल, शुरू में ढीला रखना.' तेव्हाच मला त्याचा संशय आला. ढिला स्क्रू मी जन्मात कुठे राहू दिला नाही, वहिनी. रोज सकाळी अजून एक चक्कर आवळत होतो."

मला इतका संताप आला की मी मातीत बसल्या बसल्या त्यांच्यावर ओरडले. सुमनताई पाणी आणायला घराकडे गेली होती, भाजीवाला आपल्या गाडीकडे परतला होता, म्हणून बरं. "कशाला करताय हे? बसखाली गेला असता! या वयात कोणाला काय दाखवायचं आहे तुम्हाला?"

दिनूभाऊ मोज्यातल्या पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मागच्या वर्षी केतकीचं कॉलरबोन मोडलं होतं. सायकलवरून पडली होती."

मी सोललेल्या कोपरावरची माती झटकायला लागले.

"मला चार महिन्यांनी कळलं. तेही असंच, बोलता बोलता. सुमनला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं."

होतं. सुमनताईने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, यांना सांगू नका, घाबरतील. मी चार महिने त्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांना चहा दिला, आणि काही सांगितलं नाही. त्यात काही चूक आहे, असंही मला कधी वाटलं नव्हतं.

"रोज फोन येतो तिचा," दिनूभाऊ म्हणाले. "'बाबा, सगळं ठीक.' नोकरी बदलली तेव्हा ठीक. ताप आला तेव्हा ठीक. घर बदलून झालं, मग सांगितलं. सेक्शनात काही जरा इकडचं तिकडं झालं न वहिनी, तर पोरं सर्वांत आधी धावत माझ्याकडे यायची. सोनटक्के घाबरतो, त्याला आधी सांगा, म्हणायची. आणि घरात मी घाबरतो म्हणून मला सर्वांत शेवटी." त्यांनी पेडलवरचा बूट ओढून बघितला. तो निघाला नाही. "मी विचार केला, तिच्यासमोर हे बूट घालून चालवीन. घाबरत घाबरतच चालवीन, ते तिला दिसेलच. पण चालवतो, हेही दिसेल."

मला माझीच लाज वाटली. मी भाजीवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि त्यांच्यासमोर तो स्क्रू ढिला केला. एकेक चक्कर सुटताना दिनूभाऊंचं तोंड असं झालं होतं, की जसं काही मी बॉम्बच उघडतेय. पण त्यांनी मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी टाच मुरडली आणि बूट सुटला. पाय जमिनीवर आल्यावर दिनूभाऊ बराच वेळ हललेच नाहीत. नंतरच्या महिन्यात ते आणखी सातआठ वेळा पडले, दर वेळी मला आगाऊ कळवून. भीती गेली नाही. पोटरी तशीच थरथरायची, 'खट्'ला डोळे तसेच मिटायचे. फक्त आता ते लगेच उघडायचे.

डिसेंबरात केतकी आली. एका थंडगार सकाळी दोघं निघाली. बाबांनी दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवले तेव्हा केतकीने तोंडावर हात ठेवला. सुमनताई आणि मी फाटकाशी उभ्या राहिलो. सकाळभर दोघींचं कशातच लक्ष लागलं नाही. सुमनताईने भात दोनदा लावला.

दोनच्या सुमारास ती दोघं परतली. दिनूभाऊंची उजवी बाजू धुळीने माखली होती, पण माणूस शाबूत होता. केतकी आंघोळीला गेली. मी दोन घरांमधल्या भिंतीजवळ वाळलेले कपडे काढत होते, तिथे दिनूभाऊ येऊन उभे राहिले.

"कुंडम बघितलं?" मी विचारलं.

"नाही. अर्ध्यातून परतलो. रस्त्यात एक चहाची टपरी होती, तिथे थांबलो. तिथेच ती म्हणाली, 'बाबा, एक सांगायचं आहे. आईला अजून नाही सांगितलं.'"

मी चादर हातात धरून थांबले. "काय सांगितलं?"

"ते नाही सांगणार तुम्हाला."

"निदान चांगलं की वाईट?"

"घाबरायसारखं आहे," दिनूभाऊ म्हणाले. त्यांनी दोन्ही हात भिंतीवर ठेवले होते आणि ते कोपरापर्यंत कापत होते. डोळे भरून आले होते. पण शाळेत बक्षीस समारंभाला मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आईबापांचा असतो, तसा तो चेहरा होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. म्हटलं, अजून सांग. ती अर्धा तास बोलली. मी ऐकत होतो."

"अहो, सुमनताई तुमच्या तोंडाकडे बघून लगेच ओळखेल."

"नाही ओळखत," ते म्हणाले. "माझं तोंड रोजचं असंच आहे. एवढ्या वर्षांत त्याचा काही तरी उपयोग झाला."

आतून सुमनताईचा आवाज आला, "अहो, जेवायला या न! आणि रस्त्यात काही झालं का? पोरगी गप्प गप्प दिसून राहिली."

"काही नाही ग," दिनूभाऊंनी हाक दिली, "ट्रक खूप होते." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. मग हात थांबेपर्यंत त्यांनी ते भिंतीवर दाबून धरले, डोळे बाहीने पुसले, आणि मुलीच्या आधी पानावर जाऊन बसले.